अडतिसाव्या वर्षी नर्सिंगला जायचं म्हणतेय, घरात दोन लहान मुलं. वेडेपणा आहे का?

रानवेल
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या. वय ३८, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ चा, नवरा आठवड्यातले दोनतीन दिवस कामानिमित्त बाहेरगावी. मी बरीच वर्षं अकाउंट्समध्ये आहे, काम वाईट नाही, पगार वेळेवर होतो, पण मन कधीच लागलं नाही. नर्सिंग बारावीपासून डोक्यात होतं, तेव्हा राहिलं, का राहिलं ते आता उगाळत नाही. गेल्या वर्षी घरातल्या एका आजारपणात हॉस्पिटलमध्ये बरेच दिवस काढले, तिथल्या सिस्टरांचं काम जवळून बघितलं आणि तो किडा परत वळवळायला लागला. आता विचारायचं असं की या वयात पाठांतर होतं का, विशीतल्या मुलामुलींबरोबर वर्गात बसायला कसं वाटतं, नाइट ड्यूटी असते तेव्हा मुलांचं काय करता, आणि मुख्य म्हणजे हा निर्णय घेण्याआधी काय तपासून बघायला हवं? घरचे, मैत्रिणी सगळे म्हणतात तू दोन मुलांची आई आहेस, तुला सहज जमेल. ते ऐकून बरं वाटतं पण खरं सांगू का, धीर येत नाही.

सांजवारा
वाचतेय. मी ४३, अगदी हेच मनात आहे, फक्त कुणाला सांगितलेलं नाही. खुर्ची पकडून बसलेय.

नाइटवाली
रानवेल, स्वागत. वीसेक वर्षं वॉर्डात आहे, त्यातली निम्मी तरी नाइटला, म्हणून हा आयडी.

तुझ्या शेवटच्या वाक्यावर आधी बोलते कारण मला तेच खटकलं. आई आहेस म्हणून जमेल असं म्हणणाऱ्यांनी वॉर्ड बघितलेला नसतो. मायेवर चालणारं काम नाही हे. माया असली तर चांगलंच, पण पगार मिळतो तो बघण्याचा. नुसतं बघणं, सतत, आणि बघितलेलं वेळेवर योग्य माणसाला सांगणं.

आता श्वास मोजण्याचंच घे. पेशंट बिघडायला लागला की पुष्कळदा बीपी पडायच्या आधी श्वासाचा वेग वाढतो. मोठ्या माणसाचा विश्रांतीतला श्वास मिनिटाला १२ ते २० च्या दरम्यान. आणि चार्टवर सगळ्यात जास्त अंदाजे ठोकला जाणारा आकडाही हाच, अख्ख्या वॉर्डाचे ओळीने १८, १८, १८. कारण बीपी मशीन सांगतं, ऑक्सिजन बोटाला लावलेली चिमटी सांगते, श्वास मात्र स्वतः उभं राहून मोजावा लागतो. तोही पेशंटला कळू न देता, कारण मोजतायत हे कळलं की माणूस नकळत श्वास बदलतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं, नजर छातीवर ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट काढायचं. शेजारच्या बेडची बेल वाजतेय, नातेवाईक मागे उभे राहून डिस्चार्ज कधी विचारतायत, तरी ते मिनिट सोडायचं नाही. मग सकाळी १८ होते ते आता २६ आहेत हे दिसलं की डॉक्टरांना फोन लावायचा, आणि पलीकडून आवाज चढला तरी आकडे नीट सांगून होईपर्यंत फोन ठेवायचा नाही. यात आईपणाचा संबंध कुठे आला? बावीस वर्षांची पोरगी हे उत्तम करते आणि चार पोरांची आईही १८ ठोकून पुढे जाते.

तू अकाउंट्सवाली आहेस, बेरीज जुळली नाही की तुला चैन पडत नसेल, मला त्यात जास्त आशा दिसते.

तिरकस
नाइटवालींचा प्रतिसाद वाचून अख्खं घर आपापले श्वास मोजत बसलंय. कळलं की बदलतो हे अगदी खरं आहे.

खडूस
मी स्पष्टच बोलणार. ४ वर्षांच्या मुलाला आई लागते. तुम्ही तीनचार वर्षं दिवसा कॉलेज, मग ड्यूट्या, मग परीक्षा करणार, आणि नोकरी लागली की रात्री पण गायब. हौस दहा वर्षांनी भागवा ना.

तिरकस
दहा वर्षांनी त्या ४८ च्या असतील आणि तेव्हा तुम्हीच येऊन म्हणाल, आता काय वय आहे का हे.

ब्रदर
खडूस, मी ३६ व्या वर्षी नर्सिंगला प्रवेश घेतला तेव्हा माझा मुलगा तीन वर्षांचा होता. मुलाला बाप लागतो असं मला एकानेही सांगितलं नाही. उलट काय धाडस आहे म्हणून पाठ थोपटून घेतली. तेव्हा हा नियम फक्त बायकांना का लागू होतो ते आधी सांगा, मग पुढे बोलू.

रानवेल, वर्गाचं विचारलंस. पहिले काही दिवस सगळे मला सर समजून उभे राहायचे. नंतर तीच पोरं नोट्स द्यायची आणि मी त्यांना हॉस्पिटलच्या ऑफिसात कसं बोलायचं, रागावलेल्या नातेवाइकाला कसं खाली बसवायचं हे सांगायचो. विशीतल्या मुलांना पेशंटशी काय बोलावं ते सुचत नाही, आपल्याला सुचतं. त्यांना एकदा वाचून लक्षात राहतं, आपल्याला राहत नाही. फिटंफाट.

पाय दुखतात हे मात्र कुणी सांगत नाही. पाय आणि कंबर. बेडवर घसरलेल्या माणसाला वर सरकवायचं तंत्र असतं, बेड कमरेच्या उंचीला आणायचा, एकट्याने ओढायचं नाही, सरकवायची चादर वापरायची, गुडघे वाकवायचे पण कंबर नाही. हे शिकवतात तेव्हा पोरं खिदळत असतात कारण त्यांची पाठ अजून दुखलेली नसते. आपण ते कान देऊन ऐकायचं.

कवडसा
मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. उशिरा आलेले विद्यार्थी दरवर्षी असतात, बरेचसे मुलंबाळं असलेले. पाठांतराबद्दल सांगते. त्यांचं घोडं अडतं ते बुद्धीमुळे नाही, वाचायच्या पद्धतीमुळे. पंधरावीस वर्षांपूर्वी जसं वाचत होते तसंच वाचतात, म्हणजे तोच धडा चार वेळा वाचायचा आणि खाली रंगीत रेघा मारायच्या. त्याने ओळखीचं वाटतं, आठवत मात्र नाही. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग उघडून काय राहिलं ते बघायचं, दोन दिवसांनी परत तेच. याला वेळ कमी लागतो आणि मुलांच्या गडबडीत तुकड्यातुकड्यात करता येतं.

फार्माकॉलॉजीला, म्हणजे औषधशास्त्राला, सगळे घाबरतात. औषधं एकेक करून पाठ करू नका, घराण्याने करा. ज्यांच्या नावाच्या शेवटी ओलॉल येतं, मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल वगैरे, ती बीटा ब्लॉकर, हृदयाचा वेग कमी करतात, म्हणून देण्याआधी नाडी बघायची. शेवटी प्रिल आलं, एनालाप्रिल, रॅमिप्रिल, की बीपीची गोळी, कोरडा खोकला होऊ शकतो, पोटॅशियम वाढू शकतं. घराणं कळलं की अनोळखी नाव समोर आलं तरी निम्मं उत्तर हातात असतं.

आणि वयाचंच म्हणाल तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८२० ची, घरून कडाडून विरोध, जर्मनीत कायझर्सवर्थला जाऊन रीतसर शिकली ती १८५१ मध्ये, म्हणजे एकतिशीत. क्रिमियाच्या युद्धात गेली १८५४ ला. लंडनला सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये तिच्या नावाची शाळा निघाली १८६० साली. आणि सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मरतायत हे तिने सरकारच्या गळी उतरवलं ते आकड्यांचे तक्ते आणि आकृत्या काढून. अकाउंट्सवाल्यांनी नोंद घ्यावी.

तिरकस
पण तिला मुलं नव्हती, फीची चिंता पण नव्हती.

कवडसा
बरोबर. म्हणून उदाहरण वयापुरतंच घ्या.

सांजवारा
माझी भीती वेगळीच आहे, गणित! शाळेपासून वाकडं आहे. सलाईनचे थेंब मोजायचे, डोस काढायचे असतात म्हणे. कुणी एक उदाहरण देईल का, म्हणजे आत्ताच काय ते कळेल.

नाइटवाली
घे. ५०० मिली सलाईन ४ तासांत संपवायचंय, लावलेल्या नळीच्या सेटमध्ये २० थेंबांचा १ मिली होतो (हे सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं, लहान मुलांचा मायक्रो सेट असेल तर ६० थेंब). मिनिटाला किती थेंब?

रानवेल
मी करू? ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. ४ तास म्हणजे २४० मिनिटं. भागाकार ४१.६ च्या पुढे, म्हणजे साधारण ४२. हे तर शाळेतलं त्रैराशिक झालं.

नाइटवाली
बरोब्बर ४२. सांजवारा, एवढंच आहे बघ. एकक नीट लिहायचं, मिलीग्रॅम का मायक्रोग्रॅम, आणि उत्तर आलं की स्वतःला विचारायचं की हे शक्य वाटतंय का. एका इंजेक्शनला औषधाच्या दहा काचेच्या कुप्या (अँप्युल) फोडाव्या लागतायत असं उत्तर आलं तर हात थांबला पाहिजे. आणि धोक्याची औषधं, इन्सुलिन, रक्त पातळ करणारं हेपारिन वगैरे, दुसऱ्या स्टाफकडून तपासून घ्यायची पद्धत असते. दुसऱ्याने पण आपल्याआपण गणित करायचं, आपलं उत्तर बघून मान डोलवायची नाही.

सांजवारा
हे मला जमेल असं वाटतंय. कागदावर तीन वेळा करून बघितलं. धन्यवाद!

झोपाळू
मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय ४०, दोन मुली, ११ आणि ६. आयडीवरून परिस्थिती कळलीच असेल.

रानवेल, थिअरीचे महिने निभतात. खरी कसोटी क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातली प्रत्यक्ष ड्यूटी, लागल्यावर. वर्गाला एक दिवस दांडी मारली तर नोट्स मिळतात, वॉर्डचे तास भरूनच द्यावे लागतात, मूल तापाने फणफणलं तरी ते तास कुठे जात नाहीत, नंतर सुट्टीत भरायला लावतात. आणि सकाळची ड्यूटी म्हणजे मुलं झोपेतून उठायच्या आत आपण घराबाहेर. माझ्याकडे बहीण जवळ राहते म्हणून निभावलं, पण एका माणसावर सगळा भार टाकला की ते माणूस आजारी पडलं की सगळंच कोलमडतं, म्हणून आता शेजारच्या एका कुटुंबाशी अदलाबदल ठरवलीय, त्यांची मुलं शनिवारी माझ्याकडे, माझ्या मुली पोस्टिंगच्या सकाळी त्यांच्याकडे. उपकार नाही, व्यवहार, त्यामुळे मागायला लाज वाटत नाही.

अभ्यास कधी करते विचाराल तर रात्री अजिबात नाही, मुलींना झोपवताना मीच आधी झोपते. पहाटे एक तास आणि प्रवासात आवाज रेकॉर्ड करून ठेवलेले प्रश्न ऐकते, स्वतःच्याच आवाजात, फार चमत्कारिक वाटतं पण उपयोग होतो. मोठीला मणक्यांची संख्या माझ्या आधी पाठ झाली. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५. आता ती माझी तोंडी परीक्षा घेते आणि चुकलं की फार खूष होते.

घर अस्ताव्यस्त असतं. ते तसंच राहणार हे मी आणि नवऱ्याने बसून ठरवलं, कारण नुसतं चालवून घेऊ म्हटलं की रोज कुणीतरी टोमणा मारतं.

पिंपळपान
एक वेगळा सूर लावते, राग मानू नका. मी दीड वर्षानंतर कोर्स सोडला. मुलाचं एक दुखणं निघालं, सतत तपासण्या, आणि पोस्टिंगचे तास आणि त्याच्या अपॉइंटमेंट्स यांचा मेळ बसेना. सोडल्याचं दुःख झालं पण तो निर्णय तेव्हा बरोबरच होता, आजही तसंच वाटतं. मात्र प्रवेश घेतानाच एक गोष्ट विचारून ठेवा, मध्ये खंड पडला तर परत येता येतं का, किती वर्षांच्या आत, आधीचे तास धरतात का. मी हे आधी विचारलं होतं म्हणून दार बंद झालेलं नाही. आणि कॉलेजला तुमच्या तिथल्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे ना, हे जाहिरात बघून ठरवू नका, कौन्सिलच्याच यादीत शोधा. मान्यता नसेल तर शिकूनही रजिस्ट्रेशन होत नाही.

खडूस
बघा, मी हेच म्हणत होतो.

पिंपळपान
नाही हो, तुम्ही वेगळंच म्हणत होतात. मी तपासून जा म्हणतेय, जाऊ नका म्हणत नाही.

रानवेल
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे सविस्तर प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. पिंपळपान, परत येता येतं का हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता, टिपून घेतलाय. नाइटवाली, श्वासाचं वाचून मी खरंच विचार करत बसले, कारण आतापर्यंत मी स्वतःला हेच सांगत होते की मला लोकांची काळजी घ्यायला आवडतं. पण घरच्या आजारपणात मला जे आवडलं होतं ते वेगळं होतं, कुठली गोळी किती वाजता, लघवी किती झाली, सूज कालच्यापेक्षा कमी आहे का, याची मी वही ठेवली होती आणि ती वही बघून डॉक्टरांनी एक औषध बदललं. तेव्हा जे वाटलं ते मला ऑफिसात कधीच वाटलेलं नाही.

आता नाइटचं सांगा, सगळ्यात जास्त धास्ती त्याची आहे. आणि मुलांना घरी इन्फेक्शन नेण्याची.

नाइटवाली
ती वही जपून ठेव.

नाइटचं खोटं सांगणार नाही. अंगवळणी पडते म्हणतात, पण शरीराचं घड्याळ पूर्ण कधीच उलटं फिरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीच्या कामाला कर्करोगाचं संभाव्य कारण या गटात टाकलं आणि २०१९ ला फेरविचार करून तिथेच ठेवलं. घाबरवायला सांगत नाहीये, पण माहीत असावं. सगळ्या नर्सेस आयुष्यभर नाइट करत नाहीत, ओपीडी, डायलिसिसची काही युनिट्स, शाळा, लसीकरण, समाजात फिरून करायचं काम, शिकवणं, यात दिवसाच्या जागा असतात. पण सुरुवातीला वॉर्ड आणि नाइट चुकत नाही, आणि चुकवू पण नये, हात तिथेच तयार होतो.

मुलं लहान असताना नाइट कशी निघते तर दिवसा झोपायला मिळालं तर निघते, नाहीतर नाही. लोकांना वाटतं आई दिवसा घरी आहे म्हणजे मुलांकडे बघायला आहे. नाही. आई घरी झोपलेली आहे, म्हणजे ती घरात नाहीच असं धरून दुसरं माणूस लागतं. हे घरात स्पष्ट बोललं नाही तर सकाळी ड्यूटीवरून येऊन संध्याकाळपर्यंत जागी राहशील आणि परत रात्री जाशील, आणि पहाटे चारच्या सुमाराला डोळे मिटायला लागतात तेव्हा इंजेक्शन भरणारा हात तुझा असतो. जाड पडदे, फोन बंद, दाराची बेल बंद. आणि नाइट संपवून स्वतः गाडी चालवत घरी येणं शक्य असेल तर टाळच.

ब्रदर
इन्फेक्शनचं मी सांगतो. हात धुण्याला पर्याय नाही, वॉर्डात ते इतकं अंगात मुरतं की घरी आपोआप होतं. पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, शरीरातल्या द्रवाशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर, हे पाच प्रसंग परीक्षेत पण विचारतात. युनिफॉर्म हॉस्पिटलमध्येच बदलायचा, वेगळ्या पिशवीत आणायचा, वेगळा धुवायचा, बूट दाराबाहेर. आल्याआल्या मुलगा पळत येऊन बिलगायचा तेव्हा आधी आंघोळ, मग मिठी, हे त्याला दोनतीन आठवड्यांत कळलं.

हिपॅटायटिस बी ची लस प्रवेश नक्की झाला की लगेच सुरू करा. नेहमीचे तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासूनच सहा महिन्यांनी तिसरा, म्हणजे पोस्टिंग सुरू व्हायच्या आत पूर्ण व्हायला हवेत तर आधीपासून लागायला हवं. तिसऱ्यानंतर एकदोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती आली का बघतात. आणि वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

सांजवारा
पैशाचं कुणीच बोलत नाहीये म्हणून मीच विचारते. रानवेल, पगार बंद झाल्यावर कसं?

रानवेल
एक्सेल करून बसलेय. फी हा छोटा भाग आहे, मोठा भाग म्हणजे माझा न येणारा पगार आणि मुलांना सांभाळण्याचा वाढणारा खर्च. तिन्ही धरून कोर्सचा पूर्ण काळ आणि वर नोकरी लागेपर्यंत सहा महिने असा हिशोब मांडलाय. साठवलेल्यात थोडं कमी पडतं, म्हणून अजून एक वर्ष नोकरी करून मग जायचं का यंदाच, तिथे अडलंय.

कवडसा
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही. मी बघितलंय, उशिरा आलेल्यांपैकी जे सोडतात ते नापास होऊन क्वचित सोडतात, पैसे आणि मुलांची सोय यावरच गाडी अडते. माझं मत, एक वर्ष थांबा. पण ते वर्ष नुसतं साठवण्यात घालवू नका. शनिवार-रविवार कुठे केअरगिव्हर म्हणून, वृद्धाश्रमात, स्वयंसेवक म्हणून काम मिळतंय का बघा. अनोळखी म्हाताऱ्या माणसाला स्वच्छ करणं, उलटी, जखमेचा वास, शिव्या, हे सगळं आपल्या माणसाचं केलं तेव्हा जड गेलं नाही म्हणून परक्याचं पण जाणार नाही असं नसतं. काहींना तिथेच कळतं की हे आपलं नाही, आणि तसं कळणं फुकटात पडतं. तुम्ही त्यातल्या असाल असं ती वही वाचून वाटत नाही, तरीपण.

झोपाळू
माझं मत उलट आहे, जागा मिळतेय तर यंदाच जावं. एका वर्षाने धाकटा शाळेत जाईल हे खरं पण तेव्हा दुसरं काहीतरी निघेल. माझी तीन वर्षं अशीच पुढच्या वर्षी म्हणत गेली.

नाइटवाली
मी मधलं सांगते. आधी घरात तालीम करून बघा. दोन आठवडे तू ड्यूटीवर आहेस असं धरून चालायचं. मनाने एक रोस्टर लिही, आठवडाभर मॉर्निंग, तीन दिवस इव्हिनिंग, तीन नाइट. मॉर्निंगच्या दिवशी मुलं उठायच्या आत तू खरंच घराबाहेर, बागेत जाऊन बस, लायब्ररीत जा, कुठेही. फोन नाही, कारण वॉर्डात उचलता येत नाही. नाइटच्या दुसऱ्या दिवशी खोलीचं दार आतून बंद. नवरा बाहेरगावी असेल ते दिवस मुद्दाम यात येऊ देत, कारण घोडं तिथेच अडणार आहे. एक्सेलमध्ये सगळं बसतं. कुठला दिवस बसत नाही ते यातून कळेल, आणि त्या दिवसाला माणूस सापडला तर यंदा, नाही सापडला तर पुढच्या वर्षी.

तिरकस
नाइटवाली, तुम्ही कुठल्यातरी सैन्यात असायला हव्या होत्या.

नाइटवाली
वॉर्ड इन्चार्ज आहे, त्याहून वाईट.

ब्रदर
मुलाखत असते बऱ्याच ठिकाणी, त्यासाठी एक. लोकांची सेवा करायची आहे एवढं बोलून थांबू नका, समोरच्यांनी ते दिवसभर ऐकलेलं असतं. वहीचं सांगा, काय लिहिलं, काय बदललेलं दिसलं, कुणाला सांगितलं. आणि मुलांचं काय करणार हे विचारतील, विचारू नये पण विचारतात, तेव्हा दुखावून घेऊ नका, माणसांची यादी तोंडपाठ ठेवा.

खडूस
मी खडूस असलो तरी एक विचारतो. तालमीचं नवऱ्याला सांगितलंत का, का तो पण हा धागा वाचूनच कळणार?

रानवेल
सांगितलं हो. आधी हसला, मग रोस्टर बघितल्यावर हसणं थांबलं. म्हणाला सकाळचं मी बघतो, त्यात काय. म्हटलं सोमवारपासूनच बघ. आज पहिली मॉर्निंग झाली. मी पहाटे बाहेर पडून बागेत बाकावर शरीरशास्त्राचं पुस्तक घेऊन बसले, झोपाळूसारखे मणके पाठ केले. घरी आल्यावर कळलं की मुलगी शाळेत वेळेवर पोचली पण दोन पायांत दोन वेगळे मोजे घालून, आणि धाकट्याला घेऊन नवरा बंद दारासमोर उभा होता कारण बालवाडीला आज सुट्टी आहे हे फक्त मला माहीत होतं.

नाइटवाली
म्हणजे सुट्ट्यांचं कॅलेंडर तुझ्या डोक्यातून भिंतीवर यायला हवं. उद्या काय आहे?

रानवेल
परत मॉर्निंग. आणि बुधवारपासून तो बाहेरगावी. बुधवारचं माणूस अजून शोधतेय, शेजारणीला आज संध्याकाळी विचारणार आहे, झोपाळूच्या अदलाबदलीच्या पद्धतीने.

झोपाळू
विचार. आणि तिची मुलं कुठल्या दिवशी तुझ्याकडे येणार ते आधी सांग, मग तुझं सांग.